मॅन बेटांतील ‘लहान लोक’

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधील समुद्रांत मॅन नांवाचें एक लहानसें बेट आहे. त्याची लांबी सुमारें ३३ मैल आणि रुंदी फार तर १३ मैल. बेटाची राजधानी डग्लस. या शहराहून दक्षिणेस कॅसलटाउनकडे जाणाऱ्या सडकेवर एक दगडी पूल लागतो. पूल पाहण्यासारखा मुळींच नाहीं. खालून एक ओढा वाहतो, दोहों बाजूंस झाडी आहे, आणि वाहन थोडें वेगांत असलें तर पूल केव्हां आला व केव्हां मागें पडला हें कळतहि नाहीं. तरी त्या पुलावरून जातांना बेटांतील माणसें बोलतां बोलतां मध्येंच थांबतात, खिडकीकडे किंचित् वळतात, आणि कोणाला तरी अभिवादन करतात. मग तुटलेलें बोलणें पुन्हां सुरू होतें. हें अभिवादन पुलाखालीं राहणाऱ्या पऱ्यांना असतें. याच सडकेनें पुढें बेटाचा विमानतळ आहे. म्हणजे विमानांत बसावयास निघालेला मनुष्यहि वाटेंत पऱ्यांची विचारपूस करून जातो! मोटरसायकलींची जी प्रसिद्ध शर्यत १९०७ सालीं या बेटांत सुरू झाली, तिच्यांतील कित्येक स्वारहि हा शिष्टाचार चुकवीत नाहींत.

हें ऐकून श्रोत्यांच्या मनांत साहजिकच प्रश्न येईल कीं, चांगलीं शिकलेलीं, जग पाहिलेलीं माणसें पऱ्यांवर खरोखरच विश्वास ठेवतात काय? या प्रश्नाला बेटांत सरळ उत्तर क्वचितच मिळतें. विश्वास ठेवतों असें कोणी म्हणत नाहीं, आणि अभिवादन टाळण्याचें धाडसहि कोणी करीत नाहीं. विश्वास ही एक गोष्ट आहे आणि आचार ही दुसरी. विश्वास मावळल्यावरहि आचार मागें कसा उरतो, आणि आचार उरला तरी त्याच्या पोटांतलें काय हरवून जातें, याचें मॅन बेट हें एक बोलकें उदाहरण आहे.

बेटाची मूळ भाषा मॅन्क्स. आयर्लंडची आयरिश व स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांतील गेलिक यांची ती सख्खी बहीण होय. या केल्टिक वस्तीवर पुढें उत्तरेकडील नॉर्स दर्यावर्दी येऊन बसले. १२६६ सालीं बेट स्कॉटलंडच्या ताब्यांत गेलें, पुढें तें इंग्लंडच्या राजांनीं नेमलेल्या सरदारांकडे आलें, आणि १७६५ सालीं ब्रिटिश राजसत्तेनें त्यावरील हक्क विकत घेतले. तरीहि तें ब्रिटनचा भाग झालें नाहीं. त्याची स्वतःची लोकसभा आहे. तिला टिनवाल्ड म्हणतात. तिच्या सहस्राब्दीचा उत्सव १९७९ सालीं झाला. राज्यें अशीं बदलत गेलीं. परंतु डोंगर, ओढे आणि झाडाझुडपें यांवर ज्यांची सत्ता मानली जात होती ते धनी मात्र बदलले नाहींत.

या धन्यांना मॅन्क्स भाषेंत ‘मुंजर वेगा’, म्हणजे ‘लहान लोक’, असें म्हणत. चित्रांच्या पुस्तकांतील परीला नाजूक पंख असतात, हातांत चांदीची कांडी असते. मॅन बेटांतील लहान लोक तसे नव्हेत. ते हात दोन हात उंचीचे, हिरव्या कपड्यांचे, माणसासारखेच संसारी लोक आहेत. ते शिकार करतात, मासे धरतात, पिपें तयार करतात, नाचतात आणि भांडतातहि. त्यांचें नांव घेणें मात्र धोक्याचें. म्हणून जुनीं माणसें ‘ते लोक’, ‘ती मंडळी’ असें मोघम बोलत. नांव टाळण्याची ही संवय बेटाच्या हाडींमासीं इतकी खिळली आहे कीं, उंदराहून मोठा जो घूस त्याच्या जातीचा प्राणी, त्याचें इंग्रजी नांव आजहि कित्येक लोक उच्चारीत नाहींत. ‘लांबशेपट्या’ असें म्हणतात. मूळ ही चाल समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यांची. होडींत असतांना कांहीं शब्द उच्चारणें अशुभ मानलें जाई. होड्या कमी झाल्या, परंतु शब्द चुकविण्याची रीत किनाऱ्यावर चढली आणि घराघरांत शिरली.

लहान लोकांशीं शेजारधर्म कसा पाळावा, याचे नियम ठरलेले असत. रात्रीं निजण्यापूर्वीं घरांत स्वच्छ पाणी भरून ठेवावयाचें, चूल झाडून तिच्यांत थोडा विस्तव राखावयाचा, आणि भाकरीचा एखादा तुकडा त्यांच्यासाठीं बाजूस ठेवावयाचा. घरचीं माणसें निजलीं म्हणजे ही मंडळी आंत येऊन शेकत बसतात, अशी समजूत होती. एका घरीं पाणी भरून ठेवण्यास विसरले, तेव्हां त्यांनीं निजलेल्या माणसाचें रक्त काढून त्यांत पीठ मळलें. तो मनुष्य आजारी पडला, आणि त्याच भाकरीचा उरलेला तुकडा खाल्ल्यावर बरा झाला, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट भयंकर आहे; पण तिच्यामुळें किती गृहिणींनीं निजण्यापूर्वीं पाणी भरलें असेल आणि चूल झाडली असेल, याचा विचार केला म्हणजे त्या भयांतील व्यवहार ध्यानांत येतो.

बेटाच्या डोंगरउतारांवर जुन्या शेतकऱ्यांच्या घरांचीं पडकीं आजहि दिसतात. छपरें कधींच गेलीं, भिंतींतून गवत उगवलें. परंतु बहुतेक पडक्यांजवळ एल्डरचें एखादें झाड हमखास असतें. मॅन्क्स भाषेंत त्याला ‘ट्रामन’ म्हणतात. हें लहान लोकांच्या वस्तीचें झाड. तें दारापाशीं लावावें, त्याची काळजी घ्यावी, आणि त्यावर कुऱ्हाड कधीं घालूं नये, असा दंडक होता. माणसें परदेशीं गेलीं, घर पडलें, आणि ज्यांच्यासाठीं तें लावलें त्यांच्याकरितां झाड मात्र उभें राहिलें.

या समजुतींचा खरा आधार वर्षाचें चक्र होता. वर्षाचे सांधे नाजूक मानले जात. एक ऋतु संपून दुसरा लागतांना अदृश्य जगाचें दार किलकिलें होतें, अशी कल्पना होती. पहिला सांधा एप्रिलच्या अखेरच्या रात्रीं. त्या संध्याकाळीं लाल फळांच्या रोवन वृक्षाच्या दोन काटक्या घेऊन त्यांचा क्रूस करावयाचा. काटक्या हातानें मोडावयाच्या; त्यांस सुरीचा स्पर्श होऊं द्यावयाचा नाहीं. त्या बांधावयाच्या त्या दोऱ्यानें नव्हे, तर कुंपणाला अडकलेली मेंढीची लोंकर वेचून तिनें. हा ‘क्रॉश किर्न’ दाराच्या आंतल्या बाजूस वर लावीत, गोठ्यांतहि बांधीत. उंबऱ्यावर पिवळीं फुलें पसरीत. डोंगरांवर गॉर्स नांवाचीं कांटेरी झुडपें पेटवीत. त्याच सुमारास गाई विऊं लागत आणि दुधालोण्याचे दिवस येत. दूध आटलें, लोणी आलें नाहीं, तर वर्षाचा संसार बुडे. म्हणून एवढी दक्षता. गाय आतां बहुतेकांच्या दारीं नाहीं. तरी रोवनचा क्रूस कित्येक घरांत दारावर दिसतो आणि दर वर्षीं नवा बांधला जातो.

दुसरा सांधा भर उन्हाळ्याचा. बेटाला ज्याचें नांव जोडलें जातें तो मनानान हा समुद्राचा देव, किंवा कांहींच्या मतें मोठा जादूगार. शत्रूचीं जहाजें दिसलीं कीं तो आपला धुक्याचा झगा बेटावर टाकी आणि बेट दिसेनासें होई. डोंगरमाथ्यावर धुकें उतरलें म्हणजे ‘मनानानचा झगा आला’ असें आजहि म्हणतात. या धन्याला रयतेनें कर द्यावयाचा तो काय? तर लव्हाळ्याची एक जुडी! मध्यग्रीष्माच्या आदल्या दिवशीं ती डोंगरावर नेऊन पोंचवावयाची, असा उल्लेख सोळाव्या शतकांतील एका मॅन्क्स पोवाड्यांत आहे. अठराव्या शतकांत पंचांग बदललें आणि दिवस अकरानें पुढें सरकले. त्यामुळें जुना २४ जून आतां ५ जुलैला येतो. याच दिवशीं सेंट जॉन्स येथील चार पायऱ्यांच्या टेकाडावर टिनवाल्ड भरतें, आणि वर्षांत झालेले कायदे मॅन्क्स व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लोकांना जाहीर केले जातात. त्या वेळीं प्रार्थनामंदिरापासून टेकाडापर्यंतच्या वाटेवर लव्हाळे अंथरलेले असतात. आणि सभासदांच्या कोटांवर दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीची डहाळी खोंचलेली असते. ती पूर्वीं चेटकापासून रक्षण करणारी मानली जाई. समुद्रदेवाचा कर आज असा राज्याच्या कायद्यांच्या पायांखालीं पसरला आहे.

तिसरा सांधा ३१ ऑक्टोबरचा. त्याला ‘हॉप टू ने’ म्हणतात. जुन्या केल्टिक कालगणनेप्रमाणें ही वर्षारंभाची रात्र. मुलें सलगम पोखरून त्यांचे कंदील करतात, त्यांत दिवा लावून दारोदार गाणीं म्हणत हिंडतात. इतरत्र त्या रात्रीं मोठमोठ्या भोपळ्यांचे कंदील करण्याची टूम आली आहे. सलगमासारखा कठीण कंद पोखरतांना हात दुखून येतात, तरी मॅन बेटानें तो सोडलेला नाहीं. या रात्रीं घरोघर भविष्य पाहण्याच्या रीति होत्या. निजण्यापूर्वीं चुलींतील राख सारखी पसरून ठेवीत. सकाळीं तींत पाऊल उमटलेलें दिसे. पावलाचें तोंड दाराकडे असलें तर त्या वर्षीं घरांतून कोणी जाणार. आंत वळलेलें असलें तर कोणी येणार. तरुण मुली एक भाकरी भाजीत, ती मुकाट्यानें खात, आणि पाठमोऱ्या चालत अंथरुणापाशीं जात, म्हणजे होणारा नवरा स्वप्नांत दिसे. मरण, जन्म आणि लग्न या तिन्ही गोष्टींचा प्रश्न त्या एका चुलीपाशीं विचारला जाई.

नाताळच्या दुसऱ्या दिवशीं, २६ डिसेंबरला, आणखी एक चमत्कारिक विधि होतो. रेन नांवाचा पक्षी चिमणीहूनहि लहान. एका मायाविनीनें बेटांतील पुरुषांना भुलवून समुद्रांत नेलें व बुडविलें; अखेर ती या पक्ष्याचें रूप घेऊन निसटली, अशी आख्यायिका आहे. म्हणून पूर्वीं त्या दिवशीं रेन मारून, काठीला फितींनीं सजवून मिरवीत, आणि शेवटीं प्रार्थनामंदिराच्या आवारांत पुरीत. त्याचें एकेक पीस कोळी जपून ठेवी. तें जवळ असतां होडी फुटत नाहीं, असा समज होता. जॉर्ज वॉल्ड्रन या इंग्रज गृहस्थानें १७३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत या रूढीचें वर्णन केलें आहे. आतां पक्षी मारीत नाहींत. हिरव्या पानांनीं आणि रंगीत फितींनीं सजविलेली काठी मध्यें धरून तिच्याभोंवतीं लहानथोर मंडळी गांवच्या रस्त्यांत नाचते. हिंसा गेली, नाच राहिला; रूढीनें घेतलेलें हें वळण कोणालाहि आवडेल.

लहान लोकांखेरीज या बेटाच्या कथांत दुसरींहि पात्रें आहेत. फिनॉडरी हा अंगभर केंसांचा, बळकट आणि भोळा प्राणी. मूळचा तो त्यांच्यांतलाच एक. परंतु मानवी मुलीवर त्याचें प्रेम जडलें आणि त्याला जातींतून घालवून दिलें. तो रात्रींतून शेतकऱ्याचें गवत कापून ठेवी. एकदां त्यानें हिमवादळापूर्वीं मेंढ्या गोळा करून आणल्या, आणि ‘सगळ्यांत धाकटीनें फार दमविलें’ अशी तक्रार केली. पाहतात तों कोंडवाड्यांत मेंढ्यांबरोबर एक ससा! एका धनिकानें कृतज्ञतेनें त्याला कपडे दिले, तेव्हां तो दुखावून कायमचा निघून गेला. उपकाराचें मोल चुकतें केलें कीं स्नेह संपतो, हें शहाणपण खेड्यांतील माणसानें या गोष्टींत बांधून ठेवलें आहे.

डग्लसहून पीलकडे जातांना ग्रीबा डोंगराच्या पायथ्याशीं सेंट ट्रिनियनचें छप्पर नसलेलें प्रार्थनामंदिर दिसतें. बगेन नांवाचा राक्षस छप्पर घातलें कीं तें उडवून देई. एक शिंपी पैज मारून रात्रीं आंत बसला, आणि राक्षस जमिनींतून वर येत असतां न डगमगतां विजार शिवत राहिला. शेवटचा टांका घालून त्यानें बाहेर उडी मारली, आणि पाठीमागें छप्पर कोसळलें, असें सांगतात. इमारत आजहि तशीच उघडी आहे. पील येथील किल्ल्यांत ‘मॉदा डू’, म्हणजे काळा कुत्रा, रात्रीं पहारेकऱ्यांच्या चुलीपाशीं येऊन बसे. दारूच्या धुंदींत एकटाच त्याच्या मागें गेलेला शिपाई तीन दिवसांत वारला, ही गोष्टहि वॉल्ड्रननेंच नोंदविली आहे.

या सर्व गोष्टी ऐकावयास गोड असल्या तरी त्यांची एक काळी बाजूहि होती. तान्हें मूल खंगूं लागलें, तर लहान लोकांनीं आपलें मूल ठेवून घरचें मूल पळविलें, असें मानीत. म्हणून पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवीत. ज्या काळीं वैद्य दूर आणि मृत्यु जवळ होता, त्या काळीं आईच्या दुःखाला या समजुतीनें एक कारण पुरविलें. परंतु त्याच समजुतीनें एखाद्या आजारी बालकाकडे परकें म्हणून पाहण्याची बुद्धिहि दिली. जुन्या रूढींचें कौतुक करतांना हें विसरणें बरें नव्हे. त्या भीतीचा अंत झाला तो आरोग्य आणि शिक्षण यांच्यामुळें, आणि त्याबद्दल कोणीहि हळहळूं नये.

हळहळ वाटावी अशी गोष्ट निराळी आहे. भीति गेली ती एकटी गेली नाहीं. तिच्याबरोबर भाषाहि गेली. मॅन्क्स बोलून पैसा मिळत नाहीं, अशी म्हणच बेटांत रूढ झाली होती. आईबापांनीं मुलांशीं इंग्रजी धरली. १९०१ च्या खानेसुमारींत मॅन्क्स जाणणारे ४,४१९ लोक उरले होते. त्या आधींच, १८९१ सालीं, ए. डब्ल्यू. मूर यांनीं बेटाच्या लोकविद्येवर ग्रंथ लिहिला. १८९९ सालीं भाषेसाठीं संस्था निघाली. तिचें काम वाहणाऱ्या पील येथील सोफिया मॉरिसन या बाईंनीं म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी मिळविल्या आणि १९११ सालीं त्या पुस्तकरूपानें छापल्या. त्याच वर्षीं इव्हान्स-वेन्ट्झ या अमेरिकन विद्वानाचा केल्टिक देशांतील परीश्रद्धेवरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यांतील मॅन बेटाच्या भागाची प्रस्तावना मॉरिसनबाईंचीच. हाच विद्वान पुढें हिंदुस्थानांत आला आणि लामा काझी दावा सामदुप यांच्या साह्यानें तिबेटी ग्रंथ त्यानें जगापुढें ठेवले.

परंतु कागदावर उतरलें तें बहुतेक इंग्रजींत. ज्या भाषेंत आजी नातवंडांना या गोष्टी सांगे, तिचा आवाज कोणी धरून ठेवावा? १९४७ सालीं आयर्लंडचे पंतप्रधान डी व्हॅलेरा बेटाला भेट देण्यास आले. दक्षिणेकडील क्रेगनीश या खेड्यांत त्यांची नेड मॅड्रेल या वृद्ध कोळ्याशीं गांठ पडली. दोघे आपापल्या भाषांत बोलले. जन्मापासून मॅन्क्स बोलणारीं माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत, आणि त्यांचे आवाज टिपण्याचें साधन बेटांत नाहीं, हें कळल्यावर आयर्लंडच्या लोकविद्या मंडळाचे केव्हिन डॅनहर १९४८ च्या वसंतांत ध्वनिमुद्रणाचें यंत्र मोटारींत घालून समुद्र ओलांडून आले. खेड्यापाड्यांतून हिंडून त्यांनीं जे आवाज टिपले, ते सारे मिळून बारा तबकड्यांत मावले. शेंकडों वर्षांच्या एका भाषेचा जिवंत उच्चार एवढ्याशा जागेंत! नेड मॅड्रेल हे मॅन्क्स घरांतच वाढलेल्या पिढीचे अखेरचे गृहस्थ. इंग्रजी न जाणणाऱ्या एका वृद्ध नातलग बाईपाशीं लहानपणीं राहिल्यामुळें त्यांना ती भाषा मिळाली होती. २७ डिसेंबर १९७४ रोजीं ते वारले.

भाषा मेली असें जगानें त्या दिवशीं म्हटलें. तें सर्वस्वीं खरें ठरलें नाहीं. ज्यांनीं मॅड्रेल आदि वृद्धांपाशीं बसून ती शिकून घेतली, त्यांनीं दुसऱ्यांना शिकविली. २००१ सालीं मॅन्क्स माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली, आणि पुढें ती सेंट जॉन्स येथें आली. २००९ सालीं युनेस्कोनें आपल्या यादींत मॅन्क्सला मृत भाषा ठरविलें, तेव्हां या शाळेंतील मुलांनीं त्याच भाषेंत पत्रें लिहिलीं आणि भाषा मेली असेल तर हीं पत्रें कोणत्या भाषेंत आहेत, असें विचारलें. युनेस्कोला आपली नोंद बदलावी लागली.

आचार कां टिकले, याचें उत्तर येथें सांपडतें. गोष्टीला भाषा लागते. आचाराला हात पुरतात. काटक्या बांधणें, सलगम पोखरणें, काठीभोंवतीं नाचणें, पुलावर मान लववणें, हीं कामें आजोबांना पाहून नातू करतो. त्यांसाठीं शब्द समजावे लागत नाहींत. परंतु अर्थ मात्र शब्दांतच राहतो. डग्लसच्या सडकेवरील पूल हा मूळचा परीचा पूल नव्हेच, खरा पूल आडबाजूस झाडींत, पायवाटेवर आहे, असें बेटांतील जाणते लोक सांगतात. सडक जेथून गेली तेथें लोकांनीं पऱ्यांनाहि बरोबर आणलें. आतां तेथें प्रवासी चिठ्ठ्या आणि फिती बांधून जातात, आणि आपण एक प्राचीन विधि केला असें समाधान मानतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. मात्र चुलीपाशीं भरून ठेवलेल्या पाण्याची ती जागा घेऊं शकत नाहीं.

सेंट जॉन्सच्या शाळेंतील मूल त्या पुलावरून जातांना ‘मुंजर वेगा’ हे शब्द त्यांच्या मूळ भाषेंत उच्चारूं शकतें. त्याच्या आजोबांना कदाचित् तें येत नव्हतें. पणजोबांना मात्र सहज येत असे. मधल्या पिढ्यांनीं अर्थावांचून कां होईना, नमस्कार चालूं ठेवला. म्हणूनच त्या मुलाला तो शब्द बोलण्यासाठीं अजून एक जागा शिल्लक राहिली आहे.